गूगल ॲडसेन्स: मराठी साइटच्या चढत्या-उतरत्या कमाईचं परीक्षण

मराठी साइटवर जाहिराती लावायच्या म्हटलं की पहिलं नाव ॲडसेन्सचं निघतं, आणि बहुतेकांसाठी शेवटचंही तेच असतं. ही सेवा २००३ पासून चालू आहे, खातं उघडायला पैसे पडत नाहीत, आणि शंभर डॉलर जमले की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान रक्कम निघते. वेळेच्या बाबतीत नावं ठेवायला जागा नाही. तक्रार असते ती रकमेबद्दल. लेख तेवढेच, वाचकही साधारण तेवढेच, तरी दिवाळीच्या महिन्यात आलेली रक्कम जानेवारीत निम्म्यावर येते. हे परीक्षण त्या चढउतारापुरतंच आहे: तो येतो कुठून, ॲडसेन्सच्या अहवालात किती दिसतो, आणि या पैशावर महिना काढायचा तर तजवीज काय करायची.

मत आधीच सांगून टाकू. चढउताराचा मोठा भाग वाचता येतो आणि तो वाचायची साधनं ॲडसेन्स फुकट देतं. जो भाग वाचता येत नाही, म्हणजे कपाती आणि जाहिरातींवरच्या मर्यादा, तिथे ही सेवा खरोखर कमी पडते.

आधी पैसे ठरतात कसे ते. पान उघडलं की त्यावरच्या जाहिरातीच्या जागेसाठी लिलाव होतो. २०२१ च्या अखेरीपासून हा लिलाव पहिल्या किमतीचा आहे. जिंकणारा आपण लावलेली पूर्ण बोली भरतो. जाहिरातदार गूगल ॲड्समधून, म्हणजे गूगलच्या जाहिराती विकणाऱ्या सेवेतून, आला असेल तर त्याच्या १०० रुपयांतले सरासरी १५ गूगल ॲड्स ठेवतं. उरलेल्या ८५ चे ८० टक्के, म्हणजे ६८ रुपये, साइटमालकाला मिळतात. २०२४ च्या सुरुवातीपासून साइटमालकाला क्लिकऐवजी जाहिरात दिसण्याचे पैसे मिळतात. जाहिरातदार क्लिकवर बोली लावत असला तरी गूगल तिचं रूपांतर करतं. म्हणून जुन्या लेखांतला ‘क्लिक कसे वाढवाल’ छापाचा सल्ला आता कालबाह्य आहे. जाहिरात खरंच दिसली का, म्हणजे तिचा निदान अर्धा भाग एक सेकंद तरी पडद्यावर होता का, याला आता जास्त वजन आहे. पानाच्या तळाशी, कोणी पोहोचतच नाही अशा जागी ठोकलेल्या चार जाहिराती दाखवण्यांची संख्या फुगवतात आणि जाहिरातदाराच्या लेखी साइटची पत उतरवतात.

घसरण कुठे झाली ते शोधणं

कमाई उतरली की लोक आधी पानाचा आरपीएम बघतात, म्हणजे दर हजार पानांमागची कमाई. या एकट्या आकड्यासारखा फसवा आकडा दुसरा नाही. हिशेबासाठी गोल आकडे घेऊ. एका महिन्यात साइटची १०,००० पानं अमेरिकेतून उघडली गेली, दर हजारी ४ डॉलरने. ५०,००० भारतातून, दर हजारी अर्ध्या डॉलरने. कमाई ४० अधिक २५, एकूण ६५ डॉलर; आरपीएम १.०८. पुढच्या महिन्यात गणपती आले, आरत्यांची पानं धावली. भारतातली पानं ९०,००० झाली, अमेरिकेतली ६,००० वर आली. कमाई २४ अधिक ४५, म्हणजे ६९ डॉलर. कमाई वाढली आहे, दोन्ही देशांतला दर तसूभरही हललेला नाही, आणि आरपीएम मात्र ०.७२ वर आलेला दिसतो. हे न बघता घाबरून जाहिरातींच्या जागा बदलणारे खूप आहेत.

म्हणून क्रम असा ठेवावा. अहवालात आधी देशांनुसार फोड करायची. मराठी साइटला हे जास्तच लागू पडतं, कारण न्यू जर्सी, बे एरिया, लंडन किंवा दुबईतला वाचक संख्येने थोडा पण दराने भारी असतो. देशवार दर जागच्या जागी असतील तर प्रश्न वाचकांच्या मिश्रणाचा आहे; तो सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे शोधातून येणारी रहदारी दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात, शोधावा. देशवार दरही उतरले असतील तर पानाचा आरपीएम आणि दाखवण्याचा आरपीएम, म्हणजे दर हजार जाहिराती दिसण्यामागची कमाई, शेजारी ठेवायचे. दाखवण्याचा दर तोच, पण पानाचा कमी, याचा अर्थ पानावर पूर्वीपेक्षा कमी जाहिराती येतायत: थीमचा अपडेट, जाहिरातीचा कोड उडणं, किंवा ऑटो ॲड्समधला, म्हणजे जागा गूगलनेच निवडायच्या सोयीतला, बदललेला पर्याय. दोन्ही उतरले आणि कव्हरेज, म्हणजे मागितलेल्यांपैकी भरलेल्या जागांचं प्रमाण, तेही खाली आलं, तर ॲडसेन्समधलं धोरण केंद्र उघडून ताकीद किंवा मर्यादा आहे का पाहायचं. त्याबरोबर साइटच्या मुळाशी ठेवलेली ॲड्स डॉट टीएक्सटी फाइल, म्हणजे या साइटवरच्या जाहिराती कोण विकू शकतं त्याची यादी, जागेवर आहे का हेही. होस्टिंग बदलताना ही फाइल हमखास मागे राहते, आणि परत ठेवल्यावर गूगलच्या नोंदीत यायला काही दिवस लागतात. रहदारी थोडी असेल तर महिनाही. कव्हरेज ठीक आणि फक्त दर खाली, तर दोष बाजाराचा. तिथे आपण करण्यासारखं फार नसतं.

एक कारण हल्ली बरंच सापडतं. ब्रिटन आणि युरोपातल्या वाचकांसाठी १६ जानेवारी २०२४ पासून गूगलने मान्य केलेलं संमती विचारणारं साधन लागतं. स्वित्झर्लंडसाठी ३१ जुलै २०२४ पासून. ते नसेल तर तिथल्या वाचकांना पूर्ण लिलावातल्या जाहिराती मिळत नाहीत. ॲडसेन्सच्याच ‘प्रायव्हसी अँड मेसेजिंग’ विभागात संमती विचारणारा संदेश फुकट तयार होतो. लंडनचा वाचक असूनही त्याचे पैसे भारताच्या दराने येत असतील, तर आधी इथे बघा.

तारखेशी नाही, तिथीशी तुलना

ॲडसेन्सच्या अहवालात मागच्या वर्षाशी तुलना करायची सोय आहे. मराठी साइटसाठी ती जशीच्या तशी वापरणं म्हणजे स्वतःची दिशाभूल. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे पुन्हा १४ सप्टेंबरला. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबर, मग २१ ऑक्टोबर, मग ८ नोव्हेंबर. सप्टेंबर २०२४ मध्ये अख्खा गणेशोत्सव मावला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे सहाच दिवस आले, मग पितृपक्ष, आणि २२ तारखेपासून नवरात्र. या दोन महिन्यांची तुलना करून कसलाही निष्कर्ष निघत नाही.

त्याऐवजी तारखांची कक्षा हाताने भरावी. चतुर्थीच्या दहा दिवस आधीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत: २०२४ साठी २८ ऑगस्ट ते १७ सप्टेंबर, २०२५ साठी १७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर. दोन्हीकडे २१ दिवस, पूर्ण तीन आठवडे, म्हणजे शनिवार-रविवारचाही हिशेब आपोआप जुळतो. दसरा-दिवाळीसाठी घटस्थापना ते भाऊबीज घ्यावी. ही टिपणं एका साध्या शीटमध्ये तीन वर्षं ठेवली की साइटचं स्वतःचं पंचांग तयार होतं. ॲडसेन्सला हे पंचांग ठाऊक नाही, आणि ते शिकवायची सोयही त्यात नाही. उणीव लहान वाटते, पण भारतीय साइटमालकाचा अर्धा गोंधळ तिच्यातूनच येतो.

दराची ढोबळ लय अशी: पितृपक्षात सोनं, गाडी, घर विकणारे हात आखडतात. घटस्थापनेपासून बोली चढते आणि लक्ष्मीपूजनाच्या आधीचे आठवडे वर्षातले सर्वांत महाग असतात. परदेशी वाचकांचा दर नाताळपर्यंत टिकतो. जानेवारीत दोन्हीकडे घसरण, कारण जाहिरातदारांची वार्षिक अंदाजपत्रकं संपलेली असतात आणि नवी अजून सुटलेली नसतात. मार्चमध्ये विमा आणि करबचतवाले परततात. एप्रिल पुन्हा मंद. निकाल आणि प्रवेशांच्या दिवसांत शिक्षणविषयक पानांना चांगला भाव असतो, बाकीच्यांना नाही.

काही धक्के मात्र कुठल्याच पंचांगात बसत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैसे लावून खेळायच्या खेळांची जाहिरात करणंही बेकायदा ठरलं. रमी आणि फँटसी क्रिकेटवाले लिलावातून एका झटक्यात उठले. ज्यांनी या जाहिराती आधीपासूनच अडवून ठेवल्या होत्या त्यांना झळ लागायचं कारण नव्हतं. ज्यांची साइट क्रिकेटवर चालत होती त्यांना ती नक्कीच लागली. गूगलच्या शोधातले मोठे फेरबदल हा दुसरा धक्का. मार्च २०२४ चा ५ मार्चला सुरू होऊन १९ एप्रिलला संपला. ठोक भावाने पाडलेल्या मजकुरावर त्याचा रोख होता. अशा काळात रोज आकडे बघून साइट बदलत राहू नये. फेरबदल संपल्याचं गूगलने जाहीर केलं की मगच आधीच्या आणि नंतरच्या पूर्ण आठवड्यांची तुलना करावी.

कपाती, मर्यादा आणि न मिळणारं उत्तर

महिना चालू असताना दिसते ती अंदाजी कमाई. ती पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पक्की होते, आणि त्या वेळी अवैध रहदारीपोटी काही रक्कम वजा झालेली दिसते. व्यवहारांच्या पानावर कपातीची एक ओळ येते. कुठलं पान, कुठला दिवस, कुठून आलेली रहदारी, यातलं काहीही तिथे नसतं. विचारायला गेलं तर ईमेलने मदत मागायची सोय साधारणपणे आठवड्याला २५ डॉलरहून जास्त कमावणाऱ्यांनाच मिळते. बाकीच्यांनी आपसात विचारावं. इतक्या जुन्या आणि इतक्या मोठ्या सेवेला हे शोभत नाही.

त्याहून जाच होतो तो जाहिरातींवरच्या मर्यादेचा. एखाद्या सकाळी जागा रिकाम्या दिसू लागतात आणि खात्यात सूचना येते की रहदारी तपासली जात आहे. मर्यादा साधारण ३० दिवसांच्या आत उठते, कधी जास्तही चालते. अपील नाही. नेहमीची कारणं दोन: विकत घेतलेली किंवा अदलाबदलीची रहदारी, आणि ओळखीच्या लोकांनी ‘मदत म्हणून’ जाहिरातींवर केलेली टिचकी. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लेखाची लिंक टाकताना ‘जाहिरातीवर क्लिक करा’ लिहिणं हा सरळ नियमभंग आहे, आणि आता पैसे दिसण्याचे मिळत असल्याने त्यातून फायदाही शून्य. अशी लाट आली तर कोड काही दिवस त्या पानावरून काढणं परवडतं. मर्यादा लागली की सगळी साइटच अडकते.

कोणत्या सेटिंगने फरक पडतो

ऑटो ॲड्स मराठी पानांवर बरे चालतात, पण कविता, आरत्या आणि पाककृतींत घाण करतात. कारण तांत्रिक आहे: कडव्याची प्रत्येक ओळ वेगळ्या परिच्छेदात टाकलेली असेल तर ऑटो ॲड्सला दोन ओळींमधली फट जाहिरातीची जागा वाटते. पूर्ण कडवं एकाच परिच्छेदात ठेवून ओळी फक्त तोडाव्यात. मग जाहिरात कडव्यांच्या मध्येच येऊ शकते. आरतीच्या पानावर माणूस फोन हातात धरून गातोय, पान पाच मिनिटं उघडं आहे. तिथे खालची चिकटून राहणारी एक जाहिरात पुरते. ती फक्त तळाशी ठेवायचा पर्याय निवडावा, नाहीतर वरून येऊन पहिली ओळ झाकते. पूर्ण पडदा व्यापणारी व्हिनिएट जाहिरात दराने चांगली असते, पण दोन जाहिरातींमधलं किमान अंतर सेटिंगमध्ये वाढवून घ्यावं, आणि जिथे ती नकोच तिथे पान वगळण्याच्या यादीत टाकावं.

हाताने लावलेल्या जागेला किमान उंची राखून ठेवावी, मोबाइलवर साधारण २८० पिक्सेल. नाहीतर जाहिरात उशिरा उतरते, मजकूर खाली ढकलला जातो, वाचकाची ओळ हरवते आणि गूगलच्या पानदर्जाच्या मोजमापात साइट मार खाते.

नको असलेले वर्ग अडवण्याची सोय उत्तम आहे. ती हात राखून वापरावी. प्रत्येक अडवलेल्या वर्गाबरोबर लिलावातले काही बोलीदार कमी होतात. कर्ज, ज्योतिष, वजन घटवणं यातलं काय ठेवायचं हा चवीचा प्रश्न आहे, पण सरसकट वीस वर्ग बंद करून मग दर पडला म्हणू नये. ॲडसेन्समध्येच प्रयोग चालवता येतो: अर्ध्या रहदारीवर जुनी मांडणी, अर्ध्यावर नवी. तो गणेशोत्सवात किंवा दिवाळीत सुरू करू नये. त्या आठवड्यांतलं वाचन नेहमीचं नसतं.

पैसे हातात येताना

खात्यात १० डॉलर झाले की पत्ता पडताळायला साध्या टपालाने पिन येतो, दोन ते चार आठवड्यांत. त्याला माग काढायचा क्रमांक नसतो. पहिल्या पिनपासून चार महिन्यांत तो भरला नाही तर जाहिराती थांबतात. पत्त्यात पिनकोड आणि जवळची खूण नीट लिहा. वाडी-वस्तीवरच्या पत्त्यांना इथेच अडतं.

भारतात पैसे डॉलरमध्ये वायर ट्रान्सफरने येतात. बँकेच्या शाखेचा स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशी व्यवहारासाठीची तिची ओळख, लागतो. छोट्या शाखेला तो नसतो, मग मुख्य शाखेचा घ्यावा. बँक परपज कोड, म्हणजे पैसे कशाचे ते सांगणारा क्रमांक, विचारते. जाहिरात सेवेसाठी पी१००७ सांगतात. प्रत्येक रकमेची परकीय जमा सूचना, म्हणजे ‘फिरा’ (एफआयआरए), मागून ठेवावी. जीएसटी नोंदणी असेल तर सेवानिर्यातीचा पुरावा हाच, आणि दर आर्थिक वर्षाला एलयूटी, म्हणजे जीएसटी न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र, नव्याने भरायचं.

छोट्या रकमा वारंवार आणणं महाग पडतं. डॉलरचे रुपये करताना लहान रकमेवरही जीएसटी किमान ४५ रुपये लागतो, त्यावर बँकेचं स्वतःचं शुल्क, आणि दरातला फरक वेगळाच. शंभर डॉलरच्या जमेत हे बोचतं, चारशेच्या जमेत नाही. यासाठी ॲडसेन्समधली एक दुर्लक्षित सोय वापरावी: देयकाच्या वेळापत्रकात स्वतःची मर्यादा वाढवता येते, किंवा पैसे वर्षभरापर्यंत रोखून ठेवता येतात. शुल्क वाचतं, आणि दिवाळीचे पैसे मंद महिन्यांसाठी तिथेच थांबतात. धोका एवढाच की खातं बंद झालं तर अडकलेली रक्कम मोठी असते. तीन महिन्यांच्या पलीकडे रोखू नये.

चढउतार घरापर्यंत पोहोचू नये यासाठी हिशेब सोपा आहे. मागच्या बारा महिन्यांच्या जमा घ्यायच्या, त्यातले सर्वांत कमी तीन निवडून त्यांची सरासरी काढायची. ते सहा, सात आणि आठ हजार असतील तर दरमहा सातच हजार उचलायचे. वरचं सगळं वेगळ्या खात्यात, आणि त्यातूनही आधी कराचा वाटा बाजूला. वर्षाचा देय कर १०,००० रुपयांवर जाणार असेल तर आगाऊ कर भरावा लागतो: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत सगळा. कमाईचं शिखर ऑक्टोबर-नोव्हेंबरात असल्याने सप्टेंबरचा हप्ता जड जातो. त्यासाठी आधीच्या वर्षाची शिल्लक लागते.

पैसे एक महिना उशिराने येतात हेही धरून चालावं. ऑक्टोबरची कमाई नोव्हेंबरच्या शेवटी बँकेत, जानेवारीची घसरण फेब्रुवारीच्या शेवटी. डोमेन आणि होस्टिंगचं नूतनीकरण म्हणून डिसेंबरात यावं अशी तारीख लावून घ्यावी, मार्चमध्ये नको.

दुसरे पर्याय

मीडियाव्हाइनसारखी जाळी अमेरिकी रहदारीवर डोळा ठेवून असतात. भारतीय वाचकांच्या मराठी साइटला तिथे दार फारसं उघडत नाही, आणि उघडलं तरी पैसे ६५ दिवसांनी मिळतात. मीडिया डॉट नेटचा कलही इंग्रजी मजकूर आणि अमेरिका-ब्रिटनच्या रहदारीकडे. इझोइकची मांडणी साइट जड करते. मराठी साइटला ॲडसेन्सच्या जोडीला खरा आधार थेट जाहिरातीचा आहे: शहरातला सराफ, मसालेवाला, सहल कंपनी, शिकवणी वर्ग. ॲडसेन्सच्या नियमांत याला आडकाठी नाही. फक्त ती जाहिरात गूगलच्या जाहिरातीसारखी भासू नये आणि लिंकला प्रायोजित असल्याची खूण हवी. भाव ठरवताना त्या जागेची ॲडसेन्समधली सर्वांत चांगल्या महिन्याची कमाई हा तळ धरावा, सरासरी नव्हे. सराफाला जागा त्याच महिन्यात हवी असते. करार तीन महिन्यांचा करावा म्हणजे दिवाळीबरोबर जानेवारीही विकली जाते. कंपनी पैसे देणार असेल तर टीडीएस कापला जाईल, तो विवरणपत्रात धरावा. आणि पैसे आगाऊ घ्यावेत, कारण भाऊबीज उलटल्यावर जाहिरातीचं बिल घेऊन गेलेल्याला कोणताही दुकानदार ‘पुढच्या महिन्यात बघू’ असंच म्हणतो.